गाडीत कुत्रा, वहीत बिबट्या

जंगलसहलीचे वर्णन हा प्रकार मराठीत आता चांगलाच रुळला आहे. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या या सर्वांत तो भेटतो. अलीकडे त्याची एक विशेष जात तयार झाली आहे. चार मित्र किंवा एखादे कुटुंब स्वतःच्या गाडीने निघते, बरोबर घरचा कुत्रा असतो, रस्ता जंगलातून जातो आणि वाटेत प्राणी ‘दिसतात’. खानदेशातून निघणाऱ्या अशा सहली बहुधा सातपुड्याकडे वळतात. जळगावची मंडळी यावल-पालकडे जातात, धुळ्याची लळिंगच्या कुरणात किंवा शिरपूरवरून अनेर धरणाकडे. दक्षिणेला जायचे असेल तर चाळीसगावहून पाटणादेवी आणि पुढे कन्नडचा घाट. कुत्र्याचे नाव मोती, शेरू किंवा टायगर असते आणि वर्णनातली निम्मी गंमत त्याच्यावर सोपवलेली असते.

सहलीला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत वर्णनाला आहे, आणि तीही ते ललित लेखन म्हणून नव्हे. असे लेखन जेव्हा पर्यावरण प्रकल्प म्हणून वहीत येते, त्याखाली ‘आढळलेले प्राणी’ अशी यादी जोडली जाते आणि शिक्षक तिला गुण देतात, तेव्हा तो विज्ञानाचा मजकूर होतो. मग त्याची परीक्षाही त्याच नियमांनी व्हायला हवी. एखादा नमुना घेतल्याशिवाय हे बोलणे हवेत राहील. खालचा उतारा कोणा एकाचा नाही. नेहमी वाचायला मिळणाऱ्या वाक्यांतून तो मुद्दाम जुळवला आहे.

‘पहाटेच्या धुक्यात आमची गाडी घनदाट अरण्यातून घाट चढत होती. अचानक मोती जोरजोरात भुंकू लागला. झुडपात दोन डोळे चमकले आणि क्षणार्धात एक पिवळसर आकृती उडी मारून दिसेनाशी झाली. तो बिबट्याच होता! पुढे आम्हाला हरणे, माकडे, मोर आणि असंख्य रंगीबेरंगी पक्षी दिसले.’

‘घनदाट अरण्य’ हा शब्दप्रयोग आधी पाहू. उष्ण कटिबंधातले जंगल म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दूरचित्रवाणीवरचे ॲमेझॉनचे खोरे उभे राहते आणि लेखणी आपोआप ‘घनदाट’कडे जाते. खानदेशातले जंगलही उष्ण कटिबंधातलेच, पण ते शुष्क पानझडी आहे. साग, सालई, धावडा, अंजन, खैर, पळस ही त्यातली मंडळी. होळीच्या सुमारास यातली बरीच झाडे उघडी पडतात आणि रस्त्यावरून टेकडीचा उतार दूरवर दिसतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी हिरवी भिंत असते. कडेपासून दहा पावलांवर काय उभे आहे ते कळत नाही. म्हणजे ‘एप्रिलात बारा प्राणी दिसले, ऑगस्टात दोनच’ या दोन नोंदींवरून प्राणी कमी झाले असे म्हणता येत नाही. कमी झाली ती दृष्टीची पोच. उताऱ्यात महिना दिलेला नाही. त्यामुळे त्यातल्या कोणत्याही आकड्याची तुलना दुसऱ्या कशाशीही करता येणार नाही.

घाट कोणता, हेही नाही. लळिंगचा घाट, सेंधव्याकडे चढणारा बिजासनचा घाट, पालकडे नेणारी वळणे, कन्नडचा घाट या चारही ठिकाणी जंगल वेगळे, उंची वेगळी, रहदारी वेगळी. कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात आणि त्यावरूनच गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे नाव आले. हा औट्रम म्हणजे १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा आणि वाघांच्या शिकारीबद्दल गाजलेला इंग्रज अधिकारी. त्या काळच्या शिकाऱ्यांबद्दल आपल्याला प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण कोणत्या साली, कोणत्या भागात, किती वाघ मारले याचा हिशेब ते ठेवत, आणि म्हणूनच दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी खानदेशात वाघ भरपूर होते हे आज ठामपणे सांगता येते. मारणाऱ्यांनी नोंद ठेवावी आणि पाहणाऱ्यांनी ठेवू नये, हे जरा चमत्कारिकच आहे.

आता ते दोन चमकणारे डोळे. पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. दृष्टिपटलातून एकदा गेलेला प्रकाश या थरावरून उलट येतो आणि पुन्हा दृष्टिपटलातून जातो. अंधुक उजेडात पाहायला त्याचा उपयोग होतो. गाडीच्या दिव्यांचा झोत पडला की हाच थर आपल्याला चमकताना दिसतो. तो बिबट्याला असतो, तसाच गाईला, शेळीला, मांजराला, कोल्ह्याला आणि खुद्द मोतीलाही असतो. रातवा पक्षी तर रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतो आणि त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटलेले दिसतात. रंगावरून प्राणी ठरवणे धोक्याचे, कारण प्रकाशाचा कोन बदलला की रंगही बदलतो. उपयोग होतो तो डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, दोहोंमधले अंतर आणि ते हलतात कसे, यांचा. ही तीन निरीक्षणे करायला दोन सेकंद पुरतात. उताऱ्यात त्यांतले एकही नाही, मात्र उद्गारचिन्ह आहे.

‘हरणे’ आणि ‘माकडे’ या दोन शब्दांवर तर शिक्षकाने लाल शाईने वर्तुळच करावे. चिंकारा आणि रोही म्हणजे नीलगाय ही कुरंगकुळातली. त्यांची शिंगे पोकळ आणि कायमची. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगे भरीव असतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. एका शब्दात दोन वेगळी घराणी कोंबली गेली. ‘माकडे’ म्हणजे काळ्या तोंडाची वानरे की लाल तोंडाची माकडे? लाल तोंडाची असतील तर खानदेशात पुढचा प्रश्न फार मोलाचा ठरतो. पश्चिम भारतात तापीच्या उत्तरेला ऱ्हीसस माकड आणि दक्षिणेला टोपी माकड, अशी सीमा प्राणिशास्त्राची पुस्तके अनेक वर्षे सांगत आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऱ्हीससने ही सीमा ओलांडून दक्षिणेकडे हातपाय पसरल्याचे आणि टोपी माकड मागे हटत असल्याचे दाखवले गेले. टोपी माकडाची शेपटी लांब आणि डोक्यावर केसांचा भोवरा. ऱ्हीससची शेपटी आखूड आणि मागची बाजू तांबूस. तापीकाठच्या गावातला आठवीचा विद्यार्थी हा फरक पुलावरून पाहू शकतो. त्याने ‘माकडे दिसली’ असे लिहिले तर सबंध भारतात मोजक्याच ठिकाणी करता येणारे एक निरीक्षण वाया गेले.

एवढा काथ्याकूट कशाला, सहल ती सहल, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर खानदेशातच घडलेल्या एका प्रकरणात आहे आणि ते जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांना आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो, त्यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर काही वर्षांतच जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी पश्चिम खानदेशात होते. पक्ष्यांचा नाद असलेला हा माणूस. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी छापली आणि तिला नाव दिले ‘कच्ची यादी’. शहादा-तळोद्याच्या परिसरात त्याला रानपिंगळे मिळाले. त्याने ते जतन करून चिठ्ठ्या लावून ठेवले आणि पुढे ते ब्रिटनमधल्या संग्रहालयात गेले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीलायकरीत्या दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने होते. मधल्या काळात तो दिसल्याचे जे दावे झाले ते तपासणीत टिकले नाहीत. आपल्या अंगणात ‘चिरुर चिरुर’ करणारा साधा पिंगळाच तो असे.

या सात नमुन्यांपैकी एक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलचा होता. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे तापीकाठचे ठिकाण होते. म्हणजे या चिठ्ठीनुसार पक्षी १८८४ नंतर तीस वर्षांनीही जिवंत होता आणि तो शोधायचा तर तिकडे शोधायला हवा होता. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याच्या कातड्यात भूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक पद्धत असते, जशी प्रत्येक शिंप्याची टाक्याची. कर्नलचा म्हणवणारा नमुना नव्याने भरलेला होता, पण जुन्या हाताच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि तो हात डेव्हिडसनचा होता. संग्रहालयातून डेव्हिडसनचा एक नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात हे सगळे प्रसिद्ध केले.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर खऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. त्यांच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७च्या नोव्हेंबरात भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. तिथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, चांगल्या उजेडात, एका पर्णहीन झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यामुळे हा शोध लागला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते, हे धुळेकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. त्यांनी ‘रानपिंगळाच होता!’ असे लिहून वही मिटली नाही. छायाचित्रे घेतली, चित्रफीत घेतली आणि ओळखीच्या खुणा एकेक करून ताडून पाहिल्या: माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके स्पष्ट असतात. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी याच भागात आणि मेळघाटात त्याचा अभ्यास केला; मग यावल अभयारण्यातूनही त्याच्या नोंदी आल्या. २०१४ साली तो थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलात सापडला. आज तो ‘संकटग्रस्त’ या वर्गात आहे. आधी ‘अतिसंकटग्रस्त’ होता.

मुलांना ही हकीकत सांगताना एका गोष्टीकडे त्यांचे लक्ष वेधावे. डेव्हिडसनच्या चिठ्ठीत अलंकार नव्हते, आपण किती थरारलो ते नव्हते. गाव होते. त्या एका शब्दाच्या जोरावर शंभराहून अधिक वर्षांनी तीन परके लोक योग्य तालुक्यात येऊन उभे राहिले. आपल्या उताऱ्यातल्या ‘घाट’ या शब्दाच्या जोरावर कोणी कुठे जाईल?

आता मोतीकडे येऊ. या प्रकारच्या वर्णनांत कुत्रा हा विनोदी सोबती असतो किंवा सावध पहारेकरी. तो निरीक्षणाच्या साधनाचा भाग आहे, आणि ते साधन आपले वाचन बिघडवते, ही जाणीव कुठेच दिसत नाही. तापमापीच गरम असेल तर ती पाण्याचे तापमान बरोबर सांगेल का, असे विचारले तर सातवीतला मुलगा ‘नाही’ म्हणतो. भुंकणाऱ्या कुत्र्यासह केलेली प्राण्यांची मोजणी त्याच जातीची.

प्रत्येक प्राण्याचे ‘पळण्याचे अंतर’ असते. धोका त्याहून जवळ आला की तो पळतो. गाडीच्या बाबतीत हे अंतर पुष्कळदा कमी असते, कारण गाडीची आकृती कोणत्याही शिकारी प्राण्यासारखी नाही आणि रस्त्याकाठच्या प्राण्यांना तिची सवय झालेली असते. म्हणूनच गाडीतून दिसणारा रोही आपण दार उघडून खाली उतरलो की निघून जातो. कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो लांडग्याच्या कुळातला. चिंकाऱ्याच्या, भेकराच्या पूर्वजांनी हजारो पिढ्या कुत्र्याच्या नातेवाइकांपासूनच जीव वाचवला आहे. काचेतून बाहेर काढलेले ते डोके आणि तो आवाज त्यांना ओळखीचा वाटतो, आणि तो आपला मोती आहे हे सांगायला कोणी नसते.

हा केवळ तर्क नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या झाडीत पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी एक साधा प्रयोग केला. काही वाटांवरून माणूस साखळीला बांधलेला कुत्रा घेऊन चालला, काहींवरून माणूस एकटाच, काहींवरून कोणीच नाही; मग पक्षी मोजले. कुत्रा गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसत्या माणसाचा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. जमिनीवर वावरणारे पक्षी सर्वाधिक हलले. हा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या प्रयोगवहीत बसेल असा हा प्रयोग आहे: नियंत्रण वाट, एकच बदलता घटक, साधी मोजणी. सातभाई, तित्तर, लावे यांच्यावर तो आपल्याकडे करायला महागडे उपकरण लागत नाही. मात्र तो गावाच्या माळावर करावा, अभयारण्यात नको, आणि पक्षी घरट्यांवर नसतील तेव्हा.

आपल्याकडचा पुरावाही आहे. अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर खोकडांपुढे खाद्य ठेवून पाहिले. जवळ कुत्रा असला की खोकड कमी खाते आणि मान वर करून पाहण्यात जास्त वेळ घालवते, असे त्यांना आढळले. कुत्रा खोकडाच्या अंगावर धावला नाही तरी त्याचे जेवण तोडतो. २०१८ साली भारतातल्या कुत्र्यांच्या हल्ल्यांचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात सुमारे ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले झाल्याचे नोंदले आहे आणि त्यातल्या ३१ जाती जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या आहेत. हे बहुतेक मोकाट आणि गावकुत्रे, मोती त्यांत नाही हे मान्य. पण रोगाला पाळीव आणि मोकाट हा भेद कळत नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणुरोगाने तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले. आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून तो आला असावा असे मानले जाते. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हाही हाच विषाणू सापडला. वाटेत ज्या पाणवठ्यावर मोतीला पाणी पाजल्याचे कौतुकाने लिहिलेले असते, तिथेच रात्री जंगलातले प्राणी येतात.

उलट बाजूही आहे आणि ती जास्त भीतिदायक आहे. कुत्र्यामुळे चिंकारा दूर जाईल, बिबट्या जवळ येईल. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व गावातल्या कुत्र्यांचा निघाला. घाटात गाडी थांबवून कुत्र्याला ‘पाय मोकळे करायला’ सोडणारा माणूस नकळत आमिष बांधत असतो, आणि त्या आमिषाच्या साखळीचे दुसरे टोक बहुधा घरातल्या लहान मुलाच्या हातात असते.

कायद्याचेही दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. प्राण्याला हुसकावणे, त्याच्यामागे कुत्रे सोडून पाठलाग करणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे त्या व्याख्येत येते. ‘मोती रोह्याच्या मागे असा काही धावला की आम्ही हसून हसून बेजार’ असे वाक्य छापणारा लेखक स्वतःविरुद्ध कबुलीजबाब लिहून देतो. संपादकांनाही हे ठाऊक नसते असे दिसते, कारण अशी वाक्ये छापून येतात.

मोतीने मागे ठेवलेली आणखी एक वस्तू म्हणजे त्याचे ठसे. आज त्याने पाणवठ्याच्या चिखलात उमटवलेले पाऊल उद्याच्या सहलीला बिबट्याचे म्हणून सापडते. ओळख अवघड नाही. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, बोटे दोन्ही बाजूंना सारखी मांडलेली असतात आणि बोटे व तळवा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून फुलीच्या दोन रेघा ओढता येतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात बहुधा नखे उमटत नाहीत. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. तरसाची नखे उमटतात, पण त्याचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठे असते. शाळेच्या मैदानात ओली माती पसरून गल्लीतला कुत्रा आणि मांजर यांचे ठसे आधी घ्यावेत. ते कागदावर उतरवल्याशिवाय कोणाला जंगलात नेऊ नये, असे माझे मत आहे. मत जरा कडक आहे, पण ‘बिबट्याचे ठसे’ म्हणून कुत्र्याच्या पावलांची छायाचित्रे इतक्यांदा पाहायला मिळतात की ते सौम्य करावेसे वाटत नाही.

कुत्र्याच्या बाजूनेही बोलायला हवे. जिम कॉर्बेट यांच्या १९४४ सालच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या पुस्तकात रॉबिन नावाच्या स्पॅनियल कुत्र्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि कुत्र्यासह जंगलात जाण्याची हौस पुष्कळांना तिथूनच लागते. पण रॉबिन शिकवलेला होता. तो मालकाबरोबर पायी चाले, आणि त्याने काय केले व त्यावरून मालकाने काय ओळखले हे वाचकाला वेगवेगळे कळते. तिथे कुत्र्याचे नाक हे साधन आहे आणि लेखकाला त्याच्या खुणा वाचता येतात. आजही भारतात वन्यजीव-गुन्ह्यांच्या तपासासाठी प्रशिक्षित कुत्रे वनखात्यांना दिले गेले आहेत. लपवलेली कातडी, हाडे ते हुंगून काढतात. परदेशांत विष्ठा शोधणाऱ्या कुत्र्यांवर संशोधन चालते, आणि प्राणी प्रत्यक्ष न पाहताही त्याचे जनुकीय नमुने मिळतात. अशा कामात कुत्रा कधी ‘भुंकला’ एवढे लिहून भागत नाही. तो कुठे थांबला, वारा कोणत्या दिशेचा होता, त्याचा इशारा बरोबर निघाला की चुकीचा, हे सर्व टिपावे लागते. मोतीच्या भुंकण्याचा असा हिशेब कोणी ठेवला तर त्या वहीला मी आनंदाने गुण देईन.

एक अडचण मात्र खरी आहे. ठिकाण नेमके लिहा, असे वर म्हटले. मुक्ताईनगर तालुक्यात वढोद्याच्या जंगलपट्ट्यात वाघांचा वावर आहे आणि ते शेजारच्या केळीच्या बागांतही येतात. अशा ठिकाणी नाल्याचे नाव, शेताचा पत्ता आणि वेळ छापून दिली तर दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागेल, आणि त्या गर्दीत कोण कोणत्या हेतूने आले आहे ते सांगता येणार नाही. रानपिंगळ्याच्या घरट्याचेही तेच. म्हणून नोंद दोन प्रतींत करावी. नेमक्या जागेची प्रत वहीत राहील आणि वनखात्याला दिली जाईल. छापायच्या प्रतीत तालुका पुरे. संशोधकांच्या निबंधांतही संवेदनशील जातींची घरटी अशीच झाकतात.

रस्त्यावरून केलेली नोंद निरुपयोगी असते असा ग्रह मात्र होऊ नये. रस्ता ही एक ठरलेली, पुन्हा पुन्हा तपासता येणारी रेघ आहे. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात ते आठ तारांवर बसलेले पक्षी मोजले तर वर्षअखेर हातात बारा तुलनीय आकडे असतात. चिरडलेल्या प्राण्यांची मोजणी तर रस्त्यावरच होऊ शकते. रात्री डांबर ऊबदार राहते, साप आणि सरडे त्यावर येतात, बेडूक पहिल्या पावसात तो ओलांडतात, आणि सकाळी ते सपाट झालेले असतात. हे पाहायला मुलांना वाईट वाटते, वाटू द्यावे. फक्त मोजणी दिवसाउजेडी, कडेने चालत, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि महामार्ग सोडून करावी. कुत्रा घरी.

आपला उतारा आता असा लिहिता येईल: ‘जानेवारी, दुसरा रविवार, सकाळी सहा चाळीस. रावेर-पाल रस्ता, पालच्या अलीकडे सुमारे चार किलोमीटर. धुके, तीस पावलांपलीकडचे दिसत नव्हते. गाडीचे दिवे चालू. कुत्रा गाडीत होता आणि तो आधी भुंकला, त्यानंतर आम्ही उजवीकडे पाहिले. दोन डोळ्यांची चमक, जमिनीपासून अंदाजे दीड फूट, एक-दोन सेकंद. अंगाचा रंग दोघांना पिवळसर वाटला, तिसऱ्याला करडा. ठिपके कोणालाही दिसले नाहीत, शेपटी दिसली नाही. धुके विरल्यावर रस्त्याच्या कडेला ठसे पाहिले, मिळाले नाहीत. प्राणी ओळखता आला नाही.’ हा मजकूर काल्पनिक आहे, पण यातली प्रत्येक बाब गाडीत बसलेल्या कोणालाही टिपता आली असती. पहिल्या उताऱ्याइतकाच तो वाचनीय आहे असा माझा दावा आहे. तिसऱ्याला करडा रंग दिसला, या चार शब्दांत ‘क्षणार्धात’पेक्षा जास्त नाट्य आहे.

शिक्षकांनी वर्गात एक तास यासाठी काढून पाहावा. जुन्या वार्षिकांतले किंवा पुरवण्यांतले जंगलसहलीचे एखादे वर्णन फळ्याशेजारी लावावे आणि मुलांना प्रत्येक वाक्याला विचारायला सांगावे: कुठे, केव्हा, किती अंतरावरून, आधी कोणी पाहिले, आणि कुत्रा त्या वेळी काय करत होता? ज्या वाक्याला यांतले एकही उत्तर देता येत नाही त्यावर पेन्सिलीची रेघ. एका पानाच्या वर्णनातून बहुधा तीन-चार ओळी वाचतात. त्या बिबट्याबद्दलच्या क्वचितच असतात. तारेवरचा चास, बाभळीवरच्या सुगरणीच्या घरट्यांची संख्या, गावाच्या वेशीवर दहा मिनिटे रस्ता अडवून बसलेली वानरांची टोळी, अशा जाता जाता लिहिलेल्या ओळी शिल्लक राहतात.